काटा दावा, तात्या

किसनतात्यांनी गाडीच्या इंजिनाला कुलूप लावलं होतं. दाराला नव्हे, इंजिनाला. दाराची कडी कधीच तुटली होती, ते सुतळीनं बांधलेलं असे. आमच्या दूध संस्थेची ती जुनी डिझेल व्हॅन. तिचं इंजिन पुढे नाकात नव्हतं, ड्रायव्हर आणि शेजारची सीट यांच्या मधोमध पत्र्याच्या पेटीखाली होतं. पेटी उचलली की इंजिन उघडं. तात्यांनी त्या पेटीला कडी लावली, खालच्या पत्र्यात लांब स्क्रू पिळून कोयंडा बसवला आणि त्यात पितळेचं कुलूप अडकवलं. किल्ली करदोट्याला.

"तात्या, इंजिन कोन चोरून नेतंय?" असं लोक हसून विचारायचे.

"नेनाऱ्याची भीती न्हाई," तात्या म्हणायचे. "आनून टाकनाऱ्याची हाय."

म्हणजे साखर, वाळू, पाणी. कुणी, कशासाठी, हे ते सांगत नसत. फक्त गावाकडे पाहत.

गावानं त्यांचं नाव शक्कीतात्या ठेवलं होतं आणि तात्यांना ते नाव आवडत असे. पंपावर डिझेल भरलं की ते चार थेंब तळहातावर घेत, चोळत, हुंगत आणि पंपवाल्याच्या डोळ्यात बघत. हॉटेलात चहा सांगितला की किटलीजवळ जाऊन उभे राहत; पाठीमागे ओतलेला चहा त्यांनी कधी प्यायल्याचं मला आठवत नाही. एसटीच्या कंट्रोलरनं "गाडी येतेय" म्हटलं की विचारत, "तुमाला दिसली का कुनी सांगितलं?" लग्नाची पत्रिका आली तर तारीख बघण्याआधी मागे छापखान्याचं नाव बघत. आणि एक वाक्य त्यांच्यापुढे बोलायची सोय नव्हती: "सगळं ठीक हाय." ते ऐकलं की तात्यांच्या कपाळाला आठी पडे. "ठीक हाय म्हंजे किती हाय?"

त्यांची बहीण अंबाजोगाईला दिलेली. एकदा तिच्याकडे गेले असताना चक्कर आली म्हणून भाच्यानं त्यांना दवाखान्यात नेलं. नर्सनं दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, घड्याळासारख्या तबकडीकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, नॉर्मल आहे."

"आकडा दावा," तात्या म्हणाले.

"नॉर्मल आहे म्हटलं ना."

"बाई, नॉर्मल ह्ये तुमचं मत झालं. काटा माझ्याकडं फिरवा."

तिनं फिरवला म्हणे. मग तात्यांनी पुन्हा पट्टा बांधायला लावला, आणि दुसऱ्यांदा काटा वेगळ्या ठिकाणी थांबला तेव्हा विजयी मुद्रेनं भाच्याकडे पाहिलं. ही गोष्ट भाच्यानं सांगितलेली. तात्यांना विचारलं तर म्हणाले, "त्यानं सांगितली काय? मंग अर्धी धर."

हा माणूस असा का झाला, हे आमच्या वस्तीत कुणी कुणाला विचारत नसे, कारण सगळ्यांना ठाऊक होतं. आमची बौद्ध वस्ती ओढ्याच्या पलीकडे. संस्था निघाली तेव्हा तात्यांची आई डोक्यावर चरवी घेऊन ओढा ओलांडून गावातल्या केंद्रावर दूध घालायला जाई. तिला कुणी नको म्हणत नसे. संस्था सहकारी, सभासद सगळे सारखे, भिंतीवर तसं रंगवलेलं होतं. फक्त आमच्या बायांचं दूध शेवटी घेतलं जाई. "थांबा जरा" एवढंच. उन्हाळ्यात त्या जरा थांबण्यातच दूध नासे, आणि मग मापाडी खऱ्याखुऱ्या वाईट वाटलेल्या चेहऱ्यानं म्हणे, "फाटलं की हो." म्हातारी फाटलेलं दूध घेऊन परत येई. दूध वाईट होतं, हे खरंच होतं. कुणी खोटं बोलत नव्हतं. तात्या म्हणत, "तवापासनं मला खऱ्याचाच जास्ती शक येतो."

पुढे तात्या त्याच संस्थेच्या गाडीवर ड्रायव्हर झाले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कुणाला न विचारता गाडी ओढ्यात घातली आणि वस्तीत आणून उभी केली. बाया दारातून दूध आणून कॅनमध्ये ओतू लागल्या. तिथून गाडी गावात, केंद्रावर. वस्तीचं दूध असलेल्या त्याच कॅनमध्ये गावाचं दूध पडे, आणि सगळं मिळून कडा या गावच्या शीतकरण केंद्राकडे जाई. कॅन उघडून कोणतं दूध कुणाचं हे सांगायला कुणाचा बाप आला असता तरी जमलं नसतं. माझ्या वडिलांनी समतेवर जेवढी पत्रकं छापली, त्या सगळ्यांपेक्षा त्या एका कॅननं जास्त काम केलं असं मला वाटतं. वडिलांना हे पटत नाही.

वडील हमालांच्या संघटनेत होते. आमच्या घरात फळीवर पत्रकं, फळीखाली पत्रकं, गादीखाली पत्रकं. मी अक्षरं त्यांवरच शिकले. 'क' कमळाचा नव्हता, कष्टकऱ्यांचा होता. कॉलेज झाल्यावर वर्षभर संस्थेत दुधाची फॅट तपासायला लागले, तेव्हा रोज सकाळी वस्तीतून गावापर्यंत तात्यांच्या शेजारच्या सीटवर बसून जाई. मला ते "पत्रकवाली" म्हणत. पहिल्या दिवशी त्यांनी मला सांगितलं, "तू मापाला बसनार म्हंजे आजपासनं तुज्यावर बी शक." मी म्हटलं, घ्या. ते खूष झाले.

त्या सालच्या दुष्काळात ओढ्याची वाळूसुद्धा तापून पांढरी पडली होती. गावाची जनावरं चारा छावणीत गेली. छावणी संस्थेच्या चेअरमनच्या माणसांची होती. वस्तीतल्या बायांनी गाई घरीच ठेवल्या, कारण छावणीतही "थांबा जरा" असणारच. तात्या कड्याहून परतताना रिकाम्या कॅनच्या मध्ये उसाचं वाढं कोंबून आणत, दोन कॅनमध्ये पाणी भरून आणत. असं वाढं आणि पाणी खाऊन-पिऊन वस्तीच्या गाई जगल्या होत्या. म्हणून पुढचं सगळं ऐकताना एवढं ध्यानात ठेवा: ती गाडी बंद पडली असती, तर ओढ्यापलीकडचं दूध पुन्हा डोक्यावर गेलं असतं.

आणि गाडीत दिवा लागायला लागला.

स्टिअरिंगमागच्या पाटीवर तेलाच्या दाबाचा एक लाल दिवा होता. इंजिनात तेल नीट फिरत असेल तर तो विझलेला राहतो. दाब गेला की लागतो. गाडी उभी करून इंजिन नुसतं घरघरत ठेवलं की तो मिणमिणू लागला. पाय दाबला की विझे. वस्तीत बाया दूध ओतत असताना मी रोज तो दिवा बघत होते. तात्याही बघत होते, पण बोलत नव्हते.

बोलले ते चेअरमन. त्यांना सगळे आबा म्हणत. पांढरे कपडे, हळू आवाज, प्रत्येकाच्या घरातल्या आजारी माणसाची नावानिशी चौकशी. केंद्रावर गाडी उभी असताना ते खिडकीशी आले, आत वाकले आणि म्हणाले, "किसनराव, दिवा लागतोय. इंजिनानं हात वर केले म्हनायचे."

"दिव्यानं केलेत," तात्या म्हणाले. "इंजिनाचं मला म्हाईत न्हाई."

"म्हातारी झाली हो गाडी. किती वडायची तिला." आबांनी पत्र्यावरून असा हात फिरवला, जणू बैलाच्या पाठीवरून.

आठ दिवसांत सर्वसाधारण सभेची नोटीस लागली. विषय: संस्थेचं वाहन मोडीत काढणे व भाड्याचं वाहन लावणे. कुणाचं वाहन, ते लिहिलं नव्हतं. पण आबांच्या मेहुण्याच्या दारात एक नवी पांढरी पिकअप उभी राहिली होती, नंबर प्लेटसुद्धा न लागलेली. आणि संचालक चहा पिताना बोलून गेले होते की नवी गाडी काही ओढ्यात घालता येणार नाही, वस्तीच्या बायांनी केंद्रापर्यंत यावं, कितीसं लांब आहे.

त्याच दुपारी तात्यांनी गाडी रज्जाक मिस्त्रीच्या झाडाखाली नेऊन लावली. रज्जाकभाई आणि तात्या शाळेत एका बाकावर होते. तात्यांना 'बे' म्हणणारा गावात तो एकच.

"दिवा काय सांगतो तुला?" रज्जाकभाई म्हणाले. "लागला म्हंजे मेलं, विझला म्हंजे जितं. मधलं काय? माणूस तापानं फणफणला तरी दिव्याला पत्ता न्हाई. काटा लाव बे. ट्रॅक्टरला असतो तसा."

"काटा खरं बोलंल?"

"दिव्यापरीस जास्ती बोलंल. खरं का खोटं ते तू बघ."

तात्यांना काट्याची कल्पना इतकी आवडली की त्यांना लगेच तिचाही शक आला. कड्याच्या भंगारवाल्याकडे ते तीनदा गेले. मेलेल्या ट्रॅक्टरांच्या तबकड्या एकेक तोंडाला लावून नळीतून फुंकून बघितल्या. ज्यातला काटा फुंकरीनं जरासा हलला आणि परत शून्यावर आला तीच घेतली. इंजिनाच्या अंगाला दिव्याचा स्विच होता तो काढून तिथे काटा लावता आला असता. तात्या नको म्हणाले. "दिवा बी ऱ्हाऊ दे. दोघं समोरासमोर बोलू देत." मग लेथवाल्याकडून पितळेची टी, म्हणजे तीन तोंडांची जोडणी, करून आणली. एका तोंडाला जुना स्विच, दुसऱ्या तोंडातून तांब्याची बारीक नळी थेट तबकडीपर्यंत. त्या नळीतून इंजिनाचं खरंखुरं तेल काट्यापर्यंत येतं, हे कळल्यावर तात्यांनी नळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हंजे ह्येच्यात मधी कुनी सांगनारा न्हाई." रज्जाकभाईंनी नळीला मध्ये दोन वेढे दिले, धक्क्यानं तुटू नये म्हणून, पत्र्याच्या भोकातून नेताना कापू नये म्हणून तात्यांनी आपल्या जुन्या स्लिपरचं रबर कापून घातलं.

पहिल्यांदा गाडी चालू केली तेव्हा नळीचं तोंड नीट आवळलेलं नव्हतं. काळ्या तेलाची चिळकांडी तात्यांच्या सदऱ्यावर छातीभर उडाली. तो सदरा त्यांनी धुतला, पण डाग ठेवला. कुणी विचारलं की सांगत, "खरं अंगावर आलं."

नळी आवळून पुन्हा चालू केली. काटा उठला, चाळीसच्या पुढे गेला. इंजिन तापू दिलं. काटा हळूहळू खाली आला, एका जागी थांबला आणि तिथेच राहिला. रज्जाकभाई तंबाखू मळायचे थांबले.

"ह्या वयाला ह्येच्यापरीस बरा दाब आपला बी न्हाई," ते म्हणाले.

आणि अगदी त्याच वेळी, काटा ताठ उभा असताना, खालचा लाल दिवा मिणमिणायला लागला.

मी शेजारी उभी होते. मला अजून आठवतं, तात्यांच्या चेहऱ्यावर राग आला नाही, समाधान आलं. आयुष्यभर ज्याची वाट बघितली तो माणूस अखेर दारात यावा तसं.

"दिवा खोटं बोलतोय," ते हळूच म्हणाले. "मंग दिव्याला शिकिवलं कुनी?"

रज्जाकभाई पेटीत हात घालायला वाकले. "वायर बघू दे."

"हात लावू नको."

"अरे बे, स्विचची वायर सोडली की दोन मिनटात..."

"पुरावा हाय तो. सभेत सगळ्यांच्या समोर उघडायचा. तवर हात न्हाई लावायचा." आणि तात्यांनी पेटी बंद करून कुलूप घातलं.

पुढच्या काही दिवसांत तात्यांच्या शकाला पूर आला. गावात एवढंच काय ते ओलं होतं. आबांचा पुतण्या महिन्यापूर्वी लग्नाची भांडी आणायला गाडी मागून घेऊन गेलता. पेटीची किल्ली तात्यांकडे होती, पण कुलपं काय, उघडतात. संस्थेचा वॉचमन हल्ली तात्यांना जरा जास्तच नमस्कार करत होता. आणि मग एके दिवशी गाडी चालवता चालवता ते मला म्हणाले, "रज्जाक मिस्त्रीनं मागच्या पावसाळ्यात आबाचा ट्रॅक्टर बांधला व्हता. तवापासनं लई आबाआबा करतोय. वायरला हात लावायची त्याला कावून घाई?"

खरं सांगायचं तर मला तो शक पटला नाही, पण बाकीचे सगळे पटले होते. असा विषय मला कधी मिळाला नव्हता. मी वडिलांच्या टेबलाशी बसून पत्रक लिहिलं: सत्तेनं तार कापली, दिव्याला खोटं बोलायला लावलं, ओढ्यापलीकडच्या माणसांना पुन्हा रांगेच्या शेवटी उभं करण्याचा हा डाव आहे. वडिलांनी एकही शब्द बदलला नाही. संघटनेच्या मशीनवर गठ्ठा काढून दिला, अजून शाईचा वास येत होता.

रज्जाकभाईंच्या कानावर तो शक गेलाच. गावात असं काही पोचायला गाडी लागत नाही. सभेच्या दिवशी सकाळी, दूध कड्याला पोचवून तात्या परत आले, तेव्हा रज्जाकभाई केंद्राच्या सावलीत पान्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

"उघड पेटी," ते म्हणाले.

"सभेत."

"आत्ता. आधी आबावर शक, मंग आबाच्या पुतन्यावर, वॉचमनवर, माझ्यावर. आता उरलं कोन बे?"

तात्यांचा हात करदोट्याकडे गेला.

"उरला तूच," रज्जाकभाई म्हणाले. "उघड. तुज्या डोळ्यापुढं बघतो. लांबनं बघ म्हटलास तर लांबनं, हात बांधून बघ म्हटलास तर तसं बघतो."

तात्यांनी करदोट्याची किल्ली काढली. रज्जाकभाईंनी स्विचवरची वायर सोडून बाजूला धरली. आता दिव्याचा आणि इंजिनाचा संबंध संपला होता; दिवा लागायला नकोच होता. "चालू कर." तात्यांनी गाडी चालू केली. इंजिन घरघरू लागलं, गाडीचं अंग थरथरू लागलं आणि दिवा मिणमिणला.

म्हणजे खोट वायरीत. रज्जाकभाई बोटानं वायर चाचपत निघाले. इंजिनापासून वर, पेटीच्या कडेनं, पत्र्याच्या आतून. कडेच्या एका जागी त्यांचं बोट थांबलं. ते वाकून बघत राहिले. मग सरळ झाले आणि तात्यांना जागा करून दिली.

कोयंड्याचा लांब स्क्रू पत्रा भेदून आत गेला होता, आणि पलीकडून जाणाऱ्या वायरीच्या कातड्यात घासत घासत घुसला होता. गाडी उभी राहून थरथरली की आतली तार त्या स्क्रूला टेकायची, दिवा लागायचा. पाय दाबला की थरथर कमी, तार सुटायची, दिवा विझायचा. कुणी आणून काही टाकू नये म्हणून बसवलेल्या कुलपाचा स्क्रू.

रज्जाकभाई हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत. त्यांनी स्क्रू काढला, वायरीला चिकटपट्टी गुंडाळली आणि स्क्रू तात्यांच्या तळहातावर ठेवला. तात्यांनी तो डिझेल बघत तसा बघितला. हुंगलासुद्धा.

मी पत्रकाचा गठ्ठा पोटाशी धरून उभी होते. तात्यांनी वरचं एक ओढलं, सावकाश पूर्ण वाचलं.

"भाषा लई चांगली हाय," ते म्हणाले. "खोटं हाय."

"तात्या, तार त्यांनी कापली नसंल, पण गाडी काढायची हायच ना त्यांना? ती पिकअप काय आपोआप आली? इरादा तर खरा हाय."

"मंग इरादा लिही. तार लिहू नको."

"आता कुठं लिहू? तासाभरात सभा. तुमी नुसते गप्प ऱ्हावा. दिवा आता लागनार न्हाई. स्क्रूचं कुनाला कळनार हाय?"

तात्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मला आवडलं नाही. पंपवाल्याकडे बघत तसं ते बघणं होतं.

"वस्तीचं दूध डोक्यावर गेलं तर?" मी विचारलं.

त्यांनी स्क्रू खिशात टाकला.

सभा संस्थेच्या पत्र्याच्या शेडसमोर भरली. वस्तीच्या बाया यायच्या नाहीत असा सगळ्यांचा अंदाज होता; त्या आल्या आणि मागे न बसता गाडीला टेकून बसल्या. पुढे सुभद्रामावशी, जिची गाय वस्तीत सगळ्यात जास्त दूध द्यायची. आबांनी आधी पावसाबद्दल चार शब्द सांगितले, मग गाडीबद्दल. मग अगदी मायेनं म्हणाले, "किसनराव, तुमीच सांगा. दिवा लागत व्हता का न्हाई?"

तात्या उठले. छातीवर तेलाचा डाग असलेला तोच सदरा.

"लागत व्हता."

"मंग झालं."

"माझ्यामुळं लागत व्हता." त्यांनी स्क्रू वर धरला. इतका लहान, मागच्यांना दिसलाही नसेल. "मी कुलूप लावलं. ह्यो स्क्रू वायरीत घुसला. मला वाटलं, आबांनी कायतरी केलं. चार लोकांस्नी तसं बोललो बी. ते खोटं व्हतं. शेवटी रज्जाकवर बी शक घेतला, ते तर लईच खोटं."

आबांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीच नव्हतं. बहुधा त्यांच्यावर असा शक होता हे त्यांना नवीन होतं, किंवा नव्हतं. मग बाजूचा एक संचालक हसला.

"म्हंजे संस्थेच्या गाडीची वायर ड्रायव्हरनंच फोडली."

"व्हय."

"मंग ड्रायव्हर बदलावा लागंल."

"बदला," तात्या म्हणाले. "गाडी कावून बदलता?"

संचालकाचं हसू तोंडावरच राहिलं.

"दोष माझ्यात निघाला. गाडीत न्हाई निघाला. मला काढा, दुसरा ड्रायव्हर ठेवा, गाडी वस्तीत जाऊ द्या. प्रस्तावात माझं नाव न्हाई, गाडीचं हाय. ते कावून?"

"कारण इंजिन गेलंय," आबा पहिल्यांदाच जरा मोठ्यानं बोलले.

"काटा बघा."

"भंगारातला काटा. तो खरा कशावरनं?"

आणि तात्या हसले. मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पुढचे दोन दात नव्हते. "ह्ये बराबर इचारलं आबा. घ्या, शक घ्याच. माझं ऐकू नका. माझा काटा बी काढून टाका, तुमचा आना."

यावर काय बोलावं ते आबांना सुचण्याआधी मागून आवाज आला. आबांचाच ट्रॅक्टर-ड्रायव्हर, भाबडा माणूस. "आबा, आपल्या ट्रॅक्टरचा लावू का? तसलाच हाय. म्या आनतो काढून."

लोक हसले. आबांना नको म्हणता येईना. अर्ध्या तासात त्यांच्याच ट्रॅक्टरची तबकडी तात्यांच्या नळीला लागली. लावली ट्रॅक्टर-ड्रायव्हरनं, रज्जाकभाई मुद्दाम हातांची घडी घालून लांब उभे राहिले. गाडी चालू झाली, तापली. सभा खुर्च्यांवरून उठून खिडक्यांना चिकटली. काटा जिथे रोज थांबायचा तिथेच थांबला. दिवा विझलेला.

सुभद्रामावशीनं बायांना बाजूला करत डोकं आत घातलं. "ह्यो खाली पडला की गाडी मरती?"

"व्हय."

"आन ह्ये आमाला बी दिसतंय?"

"दिसतंय की."

"मंग इतकी वरसं ते लाल कावून बघत व्हतो?"



वाहनाचा विषय तहकूब झाला. सहकारात कुठलीच गोष्ट हरत नाही, तहकूब होते. तात्यांना लेखी ताकीद मिळाली. त्या दिवशी एकच ठराव खरोखर मंजूर झाला, एकमतानं: संस्थेच्या वाहनाच्या इंजिनास कुलूप लावू नये. माझ्या पत्रकांचा गठ्ठा इंजिनाच्या पेटीखाली तेल टिपायला गेला. मेहुण्याच्या पिकअपला पुढे नंबर प्लेट लागली आणि ती दुसऱ्या कुठल्याशा संस्थेच्या कामाला गेल्याचं ऐकलं. आबांच्या इराद्याबद्दलचा माझा शक अजून गेलेला नाही. तो जायचं काही कारण मला दिसत नाही. तात्यांना तसं म्हटलं तेव्हा ते म्हणाले, "ठेव की. पर नजरंपुढं ठेव, कुलपात ठेवू नको."

रज्जाकभाई महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. तात्या रोज गाडी त्यांच्या झाडाखाली आणून पाच मिनिटं उभी करत आणि काही न बोलता निघून जात. एके दिवशी रज्जाकभाईंनी दोन चहा सांगितले. पोऱ्या तात्यांच्या पाठीमागे ओतत होता. तात्यांनी मान वळवली नाही. प्यायले.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा मी ती नोकरी सोडली. पुढे शिकायला बीडला निघाले, त्या सकाळी पिशवी घेऊन ओढ्याच्या काठी जीपची वाट बघत उभी होते. ओढा अजून कोरडाच होता. तात्यांची गाडी वाळूतून हळू हळू वर आली आणि बाया उभ्या होत्या तिथे थांबली. मला जाऊन निरोप घ्यायचा होता, पण मी थोडी मागेच राहिले.

सभेनंतर त्यांनी तबकडी आपल्या समोरून काढून आपल्या बाजूच्या खिडकीत, बाहेरच्याला दिसेल अशी बसवली होती. स्वतःला बघायची तर आता त्यांना मान तिरकी करावी लागे.

सुभद्रामावशी पुढे झाली. तिनं चरवी खाली ठेवली, लगेच ओतली नाही.

"काटा दावा, तात्या."

तात्यांनी कोपर मागे घेतला आणि सीटला पाठ चिकटवून बसले, मध्ये यायला नको म्हणून. मावशीनं डोळे बारीक करून तबकडी बघितली.

"काल ह्येच्यापरीस वर व्हता."

"काल तू लवकर आलतीस. गाडी थंड व्हती."

"खरं का?"

"उद्या लवकर ये. बघ."

तिनं त्यांच्याकडे बघितलं, चांगलं निरखून, तळहातावरचं डिझेल बघावं तसं. तात्या त्या नजरेपुढे सरळ बसून राहिले. मग तिनं चरवी उचलली आणि कॅनमध्ये दूध ओतलं.

मागे दुसरी बाई उभी होती. तात्या वाकले आणि सदऱ्याच्या बाहीनं तबकडीची काच पुसून ठेवली.